केमोबरोबर काढा घ्यावा का?

शाळेत शिपाई असलेल्या माझ्या एका जुन्या परिचिताच्या पत्नीला स्तनाचा कर्करोग झाला. वय अठ्ठेचाळीस. गाठ वेळेवर लक्षात आली, शहरातल्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि केमोथेरपी सुरू झाली. दर तीन आठवड्यांनी एक डोस. मधल्या काळात रक्त तपासायला आणि किरकोळ तक्रारींसाठी त्या माझ्याकडे येत. तीन डोस सुरळीत पार पडले. चौथ्या डोसाआधीच्या तपासणीत मात्र यकृताचे आकडे बिघडलेले निघाले. एसजीपीटी साधारण ४० च्या आत असायला हवे, ते २६० वर गेले होते. डोस पुढे ढकलावा लागला.

मी विचारले, "वहिनी, दुसरं काही औषध चालू आहे का?"

"नाही डॉक्टरसाहेब, तिकडून लिहून दिलंय तेवढंच."

बरोबर आलेली सून म्हणाली, "आई, सांगा ना आता." आणि तिने पिशवीतून एकेक वस्तू टेबलावर मांडली. गुळवेलीच्या रसाची बाटली. हळद आणि मिऱ्याच्या अर्काच्या कॅप्सूल. लेबल नसलेल्या बाटलीत कोणीतरी दिलेला 'सात वनस्पतींचा अर्क'. शिवाय घडी घालून ठेवलेले वर्तमानपत्राचे एक कात्रण. वनस्पतीच्या अर्कामुळे केमोची ताकद वाढते आणि स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी मरतात, अशी ती बातमी होती. वहिनींच्या भावाने ती कापून आणली होती.

"हे झाडपाल्याचं आहे, त्याला औषध कुठं म्हणायचं?" वहिनी म्हणाल्या. "आणि गुळवेल तर तुम्हालाच विचारून घेतली होती."

ते खरे होते. पहिल्या डोसाच्या वेळी त्यांनी दारातून जाता जाता मला विचारले होते आणि मीही "घ्या, काही अपाय नाही" असे म्हणून पुढच्या पेशंटला आत बोलावले होते. आपल्याकडे बहुतेक डॉक्टर असेच उत्तर देतात. ते उत्तर बरोबर नव्हते. का, ते आज सविस्तर सांगायचे आहे.

बशीतला प्रयोग

कात्रणातली बातमी खोटी नव्हती. असे प्रयोग जगभर होतात, आपल्याकडच्या विद्यापीठांतही होतात. ते कसे करतात हे समजले की बातमीचा अर्थ नीट लागतो.

१९७० साली अमेरिकेत डेट्रॉइट येथे स्तनाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या ६९ वर्षांच्या एका ख्रिस्ती जोगिणीच्या छातीत पाणी साठले होते. त्या पाण्यातल्या कर्करोगाच्या पेशी तिथल्या मिशिगन कॅन्सर फाउंडेशन या संस्थेतील संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवल्या. त्यांना नाव मिळाले एमसीएफ-७. त्या बाईंचे निधन झाले, पण त्यांच्या पेशींची संतती आज पन्नास वर्षांनंतरही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढते आहे. स्तनाच्या कर्करोगावरचे असंख्य प्रयोग याच पेशींवर होतात.

प्लॅस्टिकच्या एका बशीत छोटे छोटे ९६ खळगे असतात. प्रत्येक खळग्यात काही हजार पेशी सोडतात. काही खळग्यांत नुसते केमोचे औषध घालतात, काहींत नुसता वनस्पतीचा अर्क, तर काहींत दोन्ही. दोन-तीन दिवसांनी एक पिवळे रसायन घालतात. जिवंत पेशी त्याचा रंग जांभळा करतात, मेलेल्या करीत नाहीत. जांभळेपणा यंत्राने मोजला की किती पेशी वाचल्या ते कळते. दोन्ही मिळून अपेक्षेपेक्षा जास्त पेशी मेल्या, तर 'अर्काने केमोची ताकद वाढली' असा निष्कर्ष निघतो.

प्रयोग म्हणून यात काही चूक नाही. नवे औषध शोधण्याची ती पहिली पायरी आहे. पण बशीत आतडे नसते, यकृत नसते, मूत्रपिंड नसते. अर्क थेट पेशीच्या अंगावर ओतलेला असतो. खळग्यात मिठाचे प्रमाण वाढले तरी पेशी मरतात. कर्करोगाची पेशी मारणे फारसे अवघड नाही. माणसाला जगवून ती मारायची, हे अवघड आहे.

सदाफुली, यू आणि नरक्या

'ॲलोपॅथीवाले झाडपाला मानत नाहीत' असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती उलटी आहे. केमोथेरपीतील कितीतरी औषधे वनस्पतींपासूनच मिळाली आहेत. मात्र अर्कापासून औषधापर्यंतचा रस्ता किती लांबचा असतो, ते पाहण्यासारखे आहे.

आपल्या अंगणातली सदाफुली घ्या. जमैकात मधुमेहावर तिच्या पानांचा काढा घेत. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी त्या पानांचा अर्क उंदरांना तोंडावाटे दिला, तर साखरेवर काही परिणाम झाला नाही. टोचून दिला, तेव्हा उंदीर जंतुसंसर्गाने मेले, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या होत्या. पांढऱ्या पेशी कमी करणारे द्रव्य रक्ताच्या कर्करोगावर चालेल, हे त्यांनी ओळखले. १९५८ साली त्यांनी व्हिनब्लास्टिन हे द्रव्य जाहीर केले. पुढे व्हिन्क्रिस्टिन आले, आणि त्याच घराण्यातले व्हिनोरेल्बिन आज स्तनाच्या कर्करोगातही वापरतात. व्हिन्क्रिस्टिनचा मोठ्या माणसाचा डोस एका वेळी साधारण दोन मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. इतक्या तोलून मापून द्यायच्या विषाची पाने आपल्याकडे काही मंडळी मधुमेहावर म्हणून सकाळी चावून खातात. केमो चालू असलेल्या रुग्णाने तर ती तोंडातही घालू नयेत.

दुसरी गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडील जंगलात यू नावाचा, अतिशय सावकाश वाढणारा वृक्ष आहे. १९६२ साली वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर बार्कले यांनी त्याचे नमुने गोळा केले. नॉर्थ कॅरोलिनातील संशोधन संस्थेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी त्या सालीतले द्रव्य वेगळे केले आणि त्याची रचना १९७१ साली प्रसिद्ध केली. हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. १९२५ साली तिथे जन्मले, मुंबई विद्यापीठात शिकले आणि पुढे अमेरिकेला गेले. ते द्रव्य म्हणजे पॅक्लिटॅक्सेल. ते पेशीवर कसे काम करते हे सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ साली दाखवून दिले. अमेरिकेत अंडाशयाच्या कर्करोगासाठी १९९२ साली आणि स्तनाच्या कर्करोगासाठी १९९४ साली त्याला मान्यता मिळाली. साल गोळा केल्यापासून बत्तीस वर्षांनी! आज जिल्ह्याच्या ठिकाणीही हे औषध सलाईनमधून दिले जाते.

तिसरी गोष्ट नरक्याची. वॉल आणि वाणी यांनीच १९६६ साली एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य काढले. टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांना १९७२ साली तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात सापडले. त्यापायी पुढे नरक्याची बेसुमार तोड झाली, ती वेगळी कहाणी. कॅम्प्टोथेसिन बशीत उत्तम काम करत होते. माणसांना दिले तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव आणि इतर गंभीर त्रास झाले, आणि सत्तरच्या दशकात त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. रेणूत बदल करून तयार केलेली इरिनोटेकान आणि टोपोटेकान ही औषधे १९९६ साली आली. स्तनाच्या कर्करोगाच्या एका हट्टी प्रकारावर याच कुळातले द्रव्य प्रतिपिंडाला जोडून केलेले औषध तर २०२० साली आले.

या तिन्ही गोष्टींत वनस्पती खरी होती आणि तिचा गुणही खरा होता. पण द्रव्य वेगळे करणे, ते शुद्ध करणे, मात्रा ठरवणे, अपाय तपासणे आणि रुग्णांत तुलना करून पाहणे, इतके सगळे झाल्यावरच तिचे औषध झाले. लेबल नसलेल्या बाटलीतल्या अर्काचे यातले काहीही झालेले नसते. पान कोणत्या ऋतूत तोडले, पाण्यात उकळले की अल्कोहोलमध्ये भिजवले, यावरही त्यातले द्रव्य कमी-जास्त होते. आजची बाटली आणि पुढच्या महिन्यातली बाटली सारखी असेल याची खात्री कोणी द्यायची?

हळदीचा हिशेब

आता सगळ्यांच्या आवडीच्या हळदीकडे वळू. हळदीतले करक्युमिन हे द्रव्य बशीतल्या पेशी मारते, यात शंका नाही. तिथे एका मिलिलिटरमध्ये हजारो नॅनोग्रॅम करक्युमिन घातलेले असते. २००८ साली अमेरिकेत स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांना रोज ८ ग्रॅम करक्युमिन देऊन रक्त तपासले, तेव्हा मिलिलिटरमागे साधारण २२ ते ४१ नॅनोग्रॅम एवढेच सापडले. हळदीत करक्युमिन सुमारे तीन टक्के धरले, तर ८ ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून अधिक हळद खावी लागेल. इतके करूनही रक्तात पोहोचणार ते बशीतल्याच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. आतडे ते नीट शोषत नाही आणि शोषले तेवढे यकृत लगेच मोडून टाकते.

म्हणून कॅप्सूलवाल्यांनी हळदीत मिऱ्याचा अर्क घातला. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवले की २ ग्रॅम करक्युमिनबरोबर मिऱ्यातले पायपरिन २० मिलिग्रॅम दिले, तर माणसाच्या रक्तात करक्युमिनची उपलब्धता सुमारे २० पटींनी वाढते. जाहिरातीत हे मोठ्या अक्षरात असते. पण पायपरिन हे करते कसे? औषधे मोडणारी यकृतातली यंत्रणा आणि औषधे बाहेर फेकणारे आतड्यातले पंप ते मंद करते. केमोची कितीतरी औषधे त्याच यंत्रणेतून आणि त्याच पंपांतून जातात. म्हणजे मिऱ्याचा अर्क फक्त हळदीसाठी दार उघडत नाही. त्याच दारातून केमोचे औषधही जास्त आत येऊ शकते, आणि केमोच्या बाबतीत जास्त म्हणजे चांगले असे मुळीच नाही.

एकाच पंपात दोन औषधे

आपल्या वाचकांत शेतकरी पुष्कळ आहेत. फवारणीच्या एकाच पंपात दोन औषधे मिसळली की कधी दोन्हींचा गुण येतो, कधी एक दुसऱ्याला निकामी करते, तर कधी पीकच करपते, हा अनुभव त्यांना आहे. अर्क आणि केमो यांचेही असेच आहे.

प्रथम चांगली बाजू. आर्मेनियात स्तनाचा कर्करोग पसरलेल्या १५० स्त्रियांना पॅक्लिटॅक्सेलबरोबर करक्युमिन किंवा नुसते सलाईनसारखे निरुपद्रवी द्रव देऊन तुलना केली. २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. करक्युमिनच्या गटात ५१ टक्के, तर दुसऱ्या गटात ३३ टक्के स्त्रियांच्या गाठी आक्रसल्या. आशा वाटावी असा हा आकडा आहे. मात्र आजार पुन्हा वाढण्यापर्यंतचा काळ लक्षणीय लांबला नाही. आणि ते करक्युमिन शिरेतून, मोजून, आठवड्यातून एकदा दिले होते. दुधात हळद घालून त्याची बरोबरी होणार नाही. मलेशियात २०१३ साली १०० रुग्णांत अश्वगंधेने केमोचा थकवा कमी झालेला दिसला, तर इस्राएलमध्ये २००७ साली ६० रुग्णांच्या छोट्या चाचणीत गव्हांकुराच्या रसाने रक्तपेशींची घट कमी झाल्याचे दिसले. यापुढे मोठ्या चाचण्या व्हायला हव्यात.

आता दुसरी बाजू. २००२ साली अमेरिकेतील संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवरच प्रयोग केला. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधांनी मरणाऱ्या पेशी करक्युमिन घातल्यावर वाचू लागल्या. उंदरांच्या खाण्यात करक्युमिन मिसळले, तर सायक्लोफॉस्फामाइडने लहान होणारी गाठ तितकी लहान होईना. म्हणजे तीच हळद, तसल्याच पेशी आणि निकाल उलटा. काही केमो औषधे पेशीत ऑक्सिजनचे दाहक रेणू निर्माण करून तिला मारतात, आणि आपण ज्याचे कौतुक करतो तो अँटिऑक्सिडंट गुण नेमकी तीच आग विझवू शकतो. अमेरिकेतील स्तनाच्या कर्करोगाच्या १,१३४ रुग्णांच्या पाहणीतही केमोच्या आधी आणि केमो चालू असताना अँटिऑक्सिडंट गोळ्या घेणाऱ्यांत आजार उलटण्याचे प्रमाण अधिक असल्याचा कल दिसला. तो निर्णायक पुरावा नाही, पण दुर्लक्ष करावे असाही नाही.

केमो संपल्यावर पुष्कळ स्त्रियांना काही वर्षे टॅमॉक्सिफेनची गोळी असते. नेदरलँड्समध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या १६ रुग्णांच्या अभ्यासात हळद व मिऱ्याच्या अर्काबरोबर घेतल्यास या गोळीच्या कामाच्या द्रव्याचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी घटलेले आढळले.

राहिली गुळवेल. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. हा वाद तज्ज्ञ सोडवतील. पण डॉक्सोरुबिसिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही दोन्ही औषधे शरीराबाहेर टाकण्याचे काम मुख्यतः यकृत करते. त्या दिवसांत यकृतावर संशयाचेही ओझे नको.

मग करायचे काय?

आयुर्वेदाशी माझे भांडण नाही. माझा आग्रह एवढाच की दोन उपचार एकमेकांपासून लपवून चालवू नयेत.

१. केमो सुरू होण्याआधीच आपण घेत असलेली प्रत्येक वस्तू डॉक्टरांना सांगा. काढा, चूर्ण, रस, भस्म, टॉनिक, सगळे. बाटली व वेष्टन दाखवा. डॉक्टर रागावतील या भीतीने लपवू नका. रागावले तर रागावोत.

२. वरणातली, भाजीतली हळद आणि मिरे खुशाल खा. स्वयंपाकातले प्रमाण वेगळे आणि कॅप्सूल, अर्क यांतले प्रमाण वेगळे. कर्करोगतज्ज्ञाने मान्यता दिल्याशिवाय केमोच्या काळात अर्क घेऊ नका. वैद्यांचे औषध चालू असेल तर त्यांची चिठ्ठीही दाखवा.

३. लेबल नसलेली बाटली किंवा पुडी घरात आणू नका, मग ती कितीही विश्वासाच्या माणसाने दिलेली असो.

४. पांढऱ्या पेशी कमी असताना कच्चे रस जपून. न धुतलेल्या पाल्यातून जंतू पोटात जातात आणि त्यांच्याशी लढायला शरीरात फौज नसते.

५. केमोच्या काळात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप आला तर काढा करत बसू नका. रात्र असली तरी ताबडतोब रुग्णालय गाठा. यात जीव जाऊ शकतो.

६. वनस्पतीवर विसंबून केमो सोडू नका. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बरा होण्यासारखा स्तनाचा कर्करोग असूनही नुसतेच पर्यायी उपचार घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका साडेपाच पटींहून अधिक आढळला. खर्चाची अडचण असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोथेरपीचा समावेश आहे. रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा.

नातेवाइकांना एक विनंती. पेपरातले कात्रण, अगदी हा लेखसुद्धा, रुग्णाच्या हातात देण्याआधी चार प्रश्न विचारा. प्रयोग बशीत झाला, उंदरांवर झाला की माणसांवर? माणसांवर असेल तर किती जणांवर? तुलना कशाशी केली? आणि त्यांनी वापरलेली वस्तू व दुकानात मिळणारी वस्तू एकच आहे का? याची उत्तरे बातमीत नसतील तर कात्रण डॉक्टरकडे न्या, बाटली घरी आणू नका.

वहिनींनी सगळ्या बाटल्या बंद केल्या. तीन आठवड्यांत यकृताचे आकडे उतरले, चौथा डोस झाला आणि पुढचेही पूर्ण झाले. बिघाड गुळवेलीने झाला, कॅप्सूलने, त्या अनाम अर्काने की केमोच्याच औषधाने, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तिन्ही वस्तू एकदम चालू असल्यावर कोणालाच ते सांगता येणार नाही, आणि खरी अडचण हीच आहे. सध्या त्यांची टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे. परवा तपासणीला आल्या, तेव्हा बसण्याआधीच पिशवी टेबलावर उपडी केली. "बघा डॉक्टरसाहेब, एवढंच आहे," म्हणाल्या. एक वेष्टन गोळ्यांचे आणि एक डबी आवळा सुपारीची. मीही आता केमो चालू असलेला पेशंट आला की पहिला प्रश्न पिशवीचाच विचारतो. पुढचा पेशंट तोवर थांबतो.